दुसऱ्या कंपनीचे इंजिन : धुळे परिसरातील महामार्ग, गॅरेज आणि वाहनाची ओळख

प्रस्तावना

मोटारवाहनाच्या नोंदणीपुस्तकात, म्हणजे ज्याला सर्वत्र आर.सी. बुक म्हणतात त्यात, दोन क्रमांक आवर्जून नोंदविलेले असतात. एक चॅसिसचा आणि दुसरा इंजिनाचा. हे दोन्ही क्रमांक एकाच कारखान्यातून, एकाच वेळी बाहेर पडलेले असतात असे गृहीत धरून नोंदणीची संपूर्ण व्यवस्था उभी आहे. प्रत्यक्षात स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय रस्त्यांवर धावलेल्या असंख्य जुन्या वाहनांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. सांगाडा एका कंपनीचा, इंजिन तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे आणि गिअरबॉक्स कदाचित तिसऱ्याच वाहनाचा, अशी वाहने वर्षानुवर्षे माल व माणसे वाहून नेत होती. या प्रकाराकडे आजवर फसवणूक तरी म्हणून पाहिले गेले किंवा अडाणी खटपट म्हणून. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एक भाग म्हणून त्याचा विचार क्वचितच झाला. प्रस्तुत लेखात धुळे हे महामार्गांच्या संगमावरील शहर केंद्रस्थानी ठेवून हा विचार करण्याचा प्रयत्न आहे.

इंजिनबदलाची चर्चा जगात प्रामुख्याने अमेरिकेच्या संदर्भात होते. तेथे १९३२ साली फोर्डने सामान्य ग्राहकाला परवडेल अशा मोटारीत व्ही-८ इंजिन दिले आणि जुन्या फोर्ड गाड्या वेगवान करण्याचा छंद तरुणांत रुजला. १९५५ साली शेवरोलेचे लहान आकाराचे, वजनाने हलके व्ही-८ इंजिन बाजारात आले. ते स्वस्त होते, मुबलक मिळत होते आणि जवळजवळ कोणत्याही बॉनेटखाली बसत होते. साहजिकच ते फोर्डच्या गाड्यांतही बसविले जाऊ लागले. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून ज्या दणकट गाड्यांना ‘मसल कार’ म्हणण्याची प्रथा पडली, त्यांच्या शौकिनांत ‘फोर्डमध्ये शेवरोलेचे इंजिन’ हा आजही भांडणाचा विषय आहे. तेथे हा प्रश्न निष्ठेचा आहे. घराणे सोडून इंजिन घेणे म्हणजे एक प्रकारचा धर्मभेद, अशी ती भावना आहे.

ही भावना केवळ शौकिनांपुरती नव्हती. ब्रिटनच्या रूट्स कंपनीने १९६४ मध्ये सनबीम टायगर ही गाडी फोर्डच्या व्ही-८ इंजिनासह काढली. पुढे रूट्स कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. आपल्याच गाडीत फोर्डचे इंजिन असणे क्रायस्लरला रुचणारे नव्हते, आणि तिचे स्वतःचे इंजिन त्या जागेत बसत नव्हते. १९६७ साली त्या गाडीचे उत्पादन थांबले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७७ च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत शेवरोलेची इंजिने आढळली तेव्हा ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली. वस्तुतः दोन्ही नावे जनरल मोटर्सचीच होती. तरीही आपण पैसे ओल्ड्समोबिलच्या इंजिनासाठी मोजले, ही ग्राहकांची तक्रार होती.

खान्देशातील जीपमालकाला अशी चैन परवडणारी नव्हती. त्याच्यापुढचा प्रश्न निष्ठेचा नसून डिझेलच्या भावाचा, घाटाच्या चढाचा आणि सुटे भाग मिळण्याचा होता.

चार रस्त्यांवरचे गाव

धुळे शहर मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर–कोलकाता या दोन राष्ट्रीय महामार्गांच्या छेदावर वसले आहे. जुन्या क्रमवारीत हे महामार्ग अनुक्रमे ३ व ६ या क्रमांकांनी ओळखले जात. येथूनच चाळीसगावमार्गे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) व सोलापूरकडे जाणारा मार्ग फुटत असे. शहरातील मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याला ‘आग्रा रोड’ हेच नाव आहे, यावरून या मार्गाचे शहराच्या जडणघडणीतील स्थान ध्यानात यावे.

या मार्गांचे वैशिष्ट्य असे की धुळ्यातून कोणत्याही दीर्घ प्रवासाला निघाले तर घाट टळत नाही. दक्षिणेस निघताच लळिंगचा लहान घाट लागतो आणि मालेगावच्या पुढे राहूडचा. उत्तरेस शिरपूर, पळासनेर ओलांडल्यावर मध्य प्रदेशाच्या हद्दीत सेंधव्याजवळ बिजासनचा घाट आहे. पश्चिमेस साक्री सोडून नवापूरकडे जाताना कोंडाईबारी येते. चाळीसगावच्या पलीकडे कन्नडचा, म्हणजेच औट्रम घाट आहे. मधल्या तापी-पांझरेच्या खोऱ्यात मात्र रस्ता सपाट आणि उन्हाळा कडक. भरलेल्या वाहनाला घाटात कमी फेऱ्यांवर जास्त ओढ हवी, आणि मे महिन्याच्या उन्हात पाणी न उकळता मजल मारता यावी. पेट्रोलचे लहान इंजिन येथे धापा टाकते, डिझेलचे ओढून नेते. इंजिनबदलामागील तांत्रिक कारण एवढे साधे आहे.

भूगोलाचा आणखी एक योग महत्त्वाचा ठरला. १९८० च्या दशकात याच आग्रा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनांचे कारखाने उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला महिंद्राच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावरील डिझेल इंजिने तयार होऊ लागली. उत्तरेस इंदूरजवळ पीथमपूर येथे बजाज टेम्पो आणि हिंदुस्थान मोटर्स या दोन्ही कंपन्या आल्या. बजाज टेम्पोकडे जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझचे चार सिलिंडरचे, सुमारे २.४ लिटरचे डिझेल इंजिन होते आणि हिंदुस्थान मोटर्सकडे जपानच्या इसुझूचे. फ्रेंच, जर्मन आणि जपानी अशा तीन परंपरांची इंजिने ज्या एका रस्त्याने जोडली गेली, त्या रस्त्याच्या मध्यावर धुळे आहे. ही बाब योगायोगाची असली तरी परिणामशून्य नाही.

पोरक्या मालमोटारी

दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसविण्याची गरज भारतात प्रथम निर्माण झाली ती मोटारींत नव्हे, मालमोटारी व बसगाड्यांत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. फोर्डनेही त्याच दशकात भारतात जुळणी सुरू केली होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान शेवरोले, फोर्ड व बेडफर्ड या नावांच्या गाड्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा याच गाड्यांच्या मागे कोळशाच्या वायूची भट्टी जोडून त्या चालविण्यात आल्या. इंजिन तेच, इंधन निराळे. खटपटीची ही पहिली पायरी म्हणता येईल.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्या सुरुवातीच्या काळात परिवहनाच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. दहा बनावटी म्हणजे दहा प्रकारचे पिस्टन, दहा प्रकारच्या क्लच प्लेट आणि दहा प्रकारची हत्यारे. ताफा एकसारखा करण्याकडे महामंडळाचा कल का झाला, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. महामंडळाला ते साधले. एकट्या गाडीच्या मालकाला ते साधणारे नव्हते.

१९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, भारतात प्रत्यक्ष उत्पादनाची योजना नसलेल्या जुळणी कंपन्यांना व्यवसाय आवरता घ्यावा लागला. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला. धोरण म्हणून हा निर्णय समर्थनीय होता आणि देशी उद्योगाला त्याचा लाभही झाला. पण रस्त्यावर असलेल्या हजारो गाड्या एका रात्रीत पोरक्या झाल्या, याची नोंद औद्योगिक इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. सांगाडा मजबूत, पाटे शाबूत, पण इंजिनाचा सुटा भाग नाही, अशा गाडीला दोनच मार्ग उरतात : भंगार किंवा परके इंजिन.

परके इंजिन तयार होते. इंग्लंडमधील पीटरबरो येथे फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९३७ साली ‘पी-६’ हे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन काढले. या कंपनीची स्वतःची गाडी नव्हती. इतरांच्या पेट्रोल गाड्यांत बसावे, हाच तिच्या धंद्याचा पाया होता. १९५० च्या दशकात मद्रासच्या सिंप्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने भारतात बनविण्यास सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात काढलेल्या डॉज-फार्गो मालमोटारींतही पर्किन्सचे इंजिन आले. म्हणजे अमेरिकन सांगाड्यात ब्रिटिश इंजिन ही गोष्ट कारखान्याच्या दारातूनच बाहेर पडत होती.

याउलट टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून जी मालमोटार काढली, तिचे इंजिन आणि सांगाडा एकाच घराण्याचे होते. तिचे सुटे भाग पुढे महामार्गावरील लहानसहान गावांतही मिळू लागले. त्या गाडीला परके इंजिन शोधण्याची पाळी फारशी आली नाही, हे लक्षणीय आहे. इंजिनबदलाचे प्रमाण चालकांच्या हौसेवर नव्हे, तर सुट्या भागांच्या पुरवठ्यावर अवलंबून असते असे यावरून म्हणता येते.

कारखान्यांनी घालून दिलेला पायंडा

गॅरेजमधील मिस्त्रीवर ‘भेसळ’ केल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी त्या काळातील कारखाने काय करीत होते, हे पाहणे न्याय्य ठरेल.

जीपचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. महिंद्राने १९४७ नंतर अमेरिकेच्या विलिस जीपची जुळणी सुरू केली. तिचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन खाण्यात उदार होते. १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनंतर ते परवडेनासे झाले. महिंद्राच्या समूहात १९६३ पासून अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर तयार होत होते. त्या ट्रॅक्टर परंपरेतील डिझेल इंजिन जीपमध्ये बसविण्यात आले. आता गंमत अशी की, हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी अमेरिकेत १९६१ पासून ‘स्काउट’ नावाची गाडी काढून जीपशी स्पर्धा करीत होती. अमेरिकेत एकमेकींविरुद्ध उभी असलेली ही दोन घराणी भारतात एका बॉनेटखाली नांदली. पुढे जीपमध्ये प्यूजोचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन आले. १९८५ ची एमएम-५४० ही त्याच इंजिनाची जीप होय. ज्या काळी-पिवळी जीपगाड्यांनी खान्देशातील खेडी तालुक्यांना जोडली, त्यांच्या मागे हा इतिहास आहे.

भारतीय शौकीन ज्या गाडीला ‘भारताची मसल कार’ म्हणतात, त्या काँटेसाची कथाही निराळी नाही. तिचे रूप ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर मालिकेतून घेतलेले होते. व्हॉक्सहॉल ही जनरल मोटर्सची कंपनी. १९८४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ॲम्बॅसडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, म्हणजे ब्रिटनमधील प्रतिस्पर्धी बीएमसी घराण्याचे. एवढ्या अवजड देहाला ते पुरेसे नव्हते. रूप पहिलवानाचे आणि दम पोरसवदा, अशी तिची अवस्था होती. काही वर्षांनी इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आले, नंतर दोन लिटरचे डिझेलही आले. जनरल मोटर्सने १९७१ पासून इसुझूत सुमारे एक-तृतीयांश भागभांडवल घेतलेले होते. तेव्हा जनरल मोटर्सचा सांगाडा परक्या घरी काही वर्षे काढून आडवळणाने स्वतःच्या गोतावळ्यातील इंजिनाकडे परतला, असे म्हणता येईल.

प्रीमियरची ११८ एनई ही १९८५ ची गाडी फियाटच्या सांगाड्यात निसानचे इंजिन घेऊन आली. पद्मिनीला अखेरच्या वर्षांत इटलीतील एफएनएम कंपनीचे डिझेल इंजिन मिळाले. ॲम्बॅसडरमध्येही १९९० च्या दशकात इसुझू आले. परवाना-नियंत्रित अर्थव्यवस्थेत नवा सांगाडा आणि नवे इंजिन एकाच वेळी मिळविणे कंपन्यांनाही दुर्घट होते. त्यांनी हाताशी आले ते जुळविले. मिस्त्रीने तेच केले. फरक एवढाच की कारखान्याच्या जुळवणीला प्रमाणपत्र होते.

गॅरेजमधील काम

परके इंजिन बसविणे म्हणजे जुने उतरवून नवे ठेवणे नव्हे. प्रथम इंजिनाच्या ‘फाउंडेशन’चा, म्हणजे ज्या आधारांवर ते बसते त्यांचा प्रश्न येतो. ते कापून नव्या मापाने वेल्डिंग करावे लागतात. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या तोंडांवरील बोल्टची भोके जुळत नाहीत. त्यासाठी जाड पोलादी पट्टी लेथवर तयार करून मध्ये घालावी लागते. हे काम केसभर जरी चुकले आणि दोन्ही शाफ्टांचा मध्य एका रेषेत आला नाही, तर क्लच आणि बेअरिंग यांचा काही महिन्यांत निकाल लागतो. तेलाची टाकी, म्हणजे ‘चेंबर’, पुढच्या ॲक्सलला घासत असेल तर ती कापून उथळ करावी लागते. रेडिएटर मोठा हवा. प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त करावा लागतो.

पेट्रोलकडून डिझेलकडे जाताना आणखी दोन अडचणी उद्भवतात आणि मिस्त्रीची खरी पारख तेथेच होते. पहिली ब्रेकची. पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये आपोआप निर्वात निर्माण होते आणि ब्रेकला शक्ती देणारा बूस्टर त्यावर चालतो. डिझेल इंजिनात तशी निर्वात मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. तो न लावता गाडी घाटात नेणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळ होय. दुसरी अडचण वेगाची. डिझेल इंजिनाच्या कमाल फेऱ्या कमी असतात. मागचे क्राऊन-पिनियन जुनेच ठेवले तर घाटात गाडी उत्तम ओढते, पण शिरपूर ते धुळे अशा सरळ रस्त्यावर रखडते. ते बदलले तर खर्च वाढतो. हा हिशेब कागदावर मांडला जात नसे, पण केला जात असे.

या कामासाठीची इंजिने अपघातग्रस्त वा मोडीत निघालेल्या गाड्यांतून येत. मुंबईत कुर्ल्याचा भंगार आणि सुट्या भागांचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. मॅटाडोरचे इंजिन जीपमध्ये, जीपचे डिझेल इंजिन ॲम्बॅसडरमध्ये, अशा जोड्या देशभरातील मिस्त्रींच्या परिचयाच्या होत्या. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. उस्तादाच्या हाताखाली पाना देता देता पोऱ्या ते शिकत असे. त्यामुळे ते जितक्या सहज पसरले तितक्याच सहज नाहीसे होत आहे. इंधनाचे अर्थशास्त्रही बदलले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि दोहोंतील ज्या तफावतीवर हा सारा व्यवहार उभा होता ती आकसली. संगणकीय नियंत्रणावरील नव्या इंजिनांना वेल्डिंगच्या ठिणगीपेक्षा तारांच्या जुडग्याची भाषा अधिक कळते. जुन्या मिस्त्रीचा हात तेथे चालत नाही.

कायद्याच्या दृष्टीतून

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनात बदल केल्यास तो नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन घातले होते. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ने त्यासाठी पूर्वसूचना व मान्यता आवश्यक केली. याच कलमात एक सवलतही आहे. राज्य शासनाने अधिसूचनेद्वारे अधिकार दिल्यास, किमान दहा परिवहन वाहने असलेल्या मालकाला नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय इंजिन बदलता येते. मात्र ते त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे असले पाहिजे. म्हणजे सवलत मोठ्या ताफ्याला, तीही घराणे न सोडण्याच्या अटीवर. एका जीपवर घर चालविणारा मालक या तरतुदीच्या कक्षेतच येत नाही.

२००० सालच्या दुरुस्तीने भूमिका अधिक कठोर झाली. उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे कलमाचे नवे रूप आहे. सीएनजी, एलपीजी यांसारख्या इंधनासाठी इंजिनात बदल करण्यास त्यात वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा काटेकोर अर्थ उचलून धरला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा आणली.

या कठोरतेमागील हेतू नाकारता येत नाही. ब्रेकचे उदाहरण वर आलेच आहे. चोरीच्या गाडीचे इंजिन दुसऱ्या सांगाड्यात दडविणे हाही जुना धंदा आहे आणि इंजिन क्रमांक जुळला नाही तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो, त्याचा फटका बहुधा जखमी प्रवाशाला बसतो. परंतु सुरक्षिततेसाठी केलेला नियम जेव्हा वारसा ठरविण्याचे मापही होऊन बसतो, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाने हरकत घेणे आवश्यक आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात जपलेले आणि सांगाडा, बॉडी अथवा इंजिन यांत लक्षणीय फेरफार न झालेले वाहनच या नियमांनुसार व्हिंटेज ठरते. ही व्याख्या संस्थानिकांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला चपखल बसते. राबलेल्या गाडीला ती बसत नाही. १९६५ साली पेट्रोल इंजिनासह नोंदविलेली आणि तेलसंकटानंतर डिझेल इंजिन बसवून पुढे वीस वर्षे सातपुड्याच्या पायथ्याशी धावलेली जीप या व्याख्येनुसार वारसा नव्हे. वस्तुतः तिच्यातील परके इंजिन हाच तिच्या काळाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. इंधनाचे भाव, परवान्याचे राज्य आणि एका अज्ञात मिस्त्रीचे कसब हे सारे त्या एका पोलादी पट्टीत वाचता येते. ते इंजिन काढून ‘मूळ’ पेट्रोल इंजिन बसविले की गाडी व्हिंटेजच्या जवळ जाते आणि तिचा पुरावा नष्ट होतो.

१९८४ च्या काँटेसांना २०३४ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होतील. व्हॉक्सहॉलच्या देहातील बीएमसीचे अपुरे इंजिन तोवर तसेच ठेवणारा मालक व्हिंटेज क्रमांकासाठी अर्ज करू शकेल. कंपनीनेच पुढे दिलेले इसुझूचे इंजिन ज्याने चढ चढण्यासाठी त्याच गाडीत नंतर बसवून घेतले, त्याच्या अर्जापुढे मात्र आर.सी. बुकातील तो दुसरा क्रमांक आडवा येईल.